जबाब घेताना

(दृश्य: पोलीस ठाणं, सकाळ. ठाणे अंमलदाराचं टेबल. समोर एक वयस्क बाई. चेहरा दिसत नाही, फक्त हात.)

रात्री घरफोडी झाली. कुलूप तोडलं, कपाट उचकटलं, मंगळसूत्र गेलं. संगणकावर फिर्यादीचा साचा उघडलाय: नाव, वय, धंदा, राहणार. खाली गेल्या मालाचं वर्णन आणि किंमत. हवालदार विचारतात, "मावशी, किती तोळ्यांचं होतं?"

मावशींना सांगता येत नाही. लग्नातला दागिना, त्याची पावती कुठून असणार? हवालदार टायपिंग थांबवतात. "राहू द्या. कसं होतं ते सांगा."

आता मावशींची बोटं बघा. अंगठा आणि तर्जनीत जणू ती वाटीच धरली आहे. दोन वाट्या, त्यातली एक चेपलेली. नातवाने दात येताना चावली होती. काळ्या मण्यांची सर एकदा तुटली, ती घरीच जाड दोऱ्यात ओवून घेतली.

उद्या मुद्देमाल सापडला, तर तो ओळखायला मावशींनाच बोलावतील. दोन तोळ्यांची मंगळसूत्रं गावात पुष्कळ असतील, चेपलेल्या वाटीचं एकच. ही वाटी साच्यातल्या कुठल्याच रकान्यात नव्हती. मावशींना बोलू दिलं, म्हणून ती फिर्यादीत आली.

(दृश्य: प्रशिक्षणाचा वर्ग. दोन अंमलदार समोरासमोर, एक साक्षीदाराच्या भूमिकेत.)

साखळीचोरीचा प्रसंग, नेत्रसाक्षीदाराचा जबाब. पहिलाच प्रश्न येतो, "गाडी लाल होती ना?" आणि शिकवणाऱ्या मॅडम हात वर करून थांबवतात. रंग साक्षीदाराने सांगायचा, आपण नाही.

1974 मध्ये अमेरिकेत एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना मोटारींच्या टकरीची फीत दाखवली. गाड्या जोरात आदळल्या असं म्हणून ज्यांना प्रश्न केला, त्यांनी वेग जास्त सांगितला. आठवड्याने त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना फुटलेल्या काचाही आठवल्या. फितीत काच फुटलीच नव्हती. म्हणून आधी "काय काय पाहिलं, सगळं सांगा" असं म्हणायचं आणि मध्ये बोलायचं नाही. माणूस थांबला की पेन उचलायचं.

(दृश्य: सायबर कक्ष. फोनवर खिळलेली नजर.)

इथे मात्र क्रम उलटा. निवृत्त शिक्षक आहेत, बँकेतून बोलतोय असं सांगून कुणीतरी त्यांचे पैसे काढून घेतले. त्यांना पहिल्यापासून सगळं सांगायचं आहे. समोरच्या ताई म्हणतात, "सर, ते सगळं ऐकते, आधी व्यवहाराचा नंबर द्या." पैसे एका खात्यातून दुसऱ्यात पळत असतात. 1930 या क्रमांकावर जितक्या लवकर कळवाल, तितकी ते पुढच्या खात्यात गोठवण्याची शक्यता जास्त. व्यवहाराचा नंबर, वेळ आणि स्क्रीनशॉट घेऊन झाले की सरांची हकिगत सुरू होते. ताई ती शेवटपर्यंत ऐकतात, तेही महत्त्वाचं आहे. फसवलं गेल्याची शरम घेऊन आलेला माणूस इथे मान वर करून बोलतो.

(दृश्य: वडसा रेल्वे स्थानकाची पाटी. देसाईगंजचा रस्ता. जुनी कात्रणं.)

जबाब कुठे घ्यायचा, याचा विचार करताना या गावात यावंच लागतं. देसाईगंज आज गडचिरोली जिल्ह्यात आहे, तेव्हा चंद्रपुरात होतं. 26 मार्च 1972. एक अनाथ आदिवासी मुलगी, वय चौदा ते सोळाच्या दरम्यान. तिला पळवून नेल्याची तक्रार तिच्या भावाने दिली होती. त्या चौकशीसाठी तिला, भावाला आणि इतरांना रात्री ठाण्यात आणलं गेलं. जबाब झाले. साडेदहाच्या सुमारास सगळे घरी निघाले, तेव्हा तिला एकटीला मागे थांबवलं. ठाण्याच्या आवारातच पोलिसाने आपल्यावर बलात्कार केला, असं तिने बाहेर येऊन सांगितलं.

खटला दोन पोलिसांवर चालला. सत्र न्यायालयाने दोघांनाही सोडलं. 1976 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दोषी ठरवलं. 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडलं. अंगावर जखमा नाहीत, हे त्या निकालातलं एक मोठं कारण. पुढच्याच वर्षी उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. त्यातून बायका रस्त्यावर उतरल्या, मुंबईत, पुण्यात, दिल्लीत. 1983 मध्ये कायदा बदलला: कोठडीतला बलात्कार हा वेगळा, गंभीर गुन्हा ठरला आणि पीडितेचं नाव छापायला बंदी आली. या मुलीचं नाव तोवर देशभर झालं होतं. आम्ही ते घेत नाही.

ती जबाब द्यायला ठाण्यात गेली होती. हे विसरून चालणार नाही.

1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्यातही, साक्षीदाराला बोलावण्याचे नियम आहेत. कुठलीही स्त्री, 15 वर्षांखालचा मुलगा, साठीच्या पुढचा पुरुष, अपंग किंवा गंभीर आजारी व्यक्ती यांना ठाण्यात या म्हणून भाग पाडता येत नाही. पोलिसांनी त्यांच्या घरी जायचं. बलात्काराच्या गुन्ह्यात पीडितेचा जबाब तिच्या घरी किंवा ती सांगेल तिथे, शक्य तोवर महिला अधिकाऱ्याने, घरच्यांच्या किंवा सामाजिक कार्यकर्त्याच्या उपस्थितीत. ही काही मेहरबानी नाही. तरीही "जरा ठाण्यात येऊन जा" असा फोन आजही येतो.

(दृश्य: लॉकर. खाकी शर्ट खुंटीला. महिला उपनिरीक्षक साध्या पंजाबी ड्रेसमध्ये बाहेर पडतात.)

या आज एका लहान मुलीच्या घरी निघाल्या आहेत. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा पोक्सो कायदा, 2012, कलम 24: मुलाचा जबाब घेताना अधिकारी गणवेशात नसावा. म्हणून टोपी, पट्टा, नावाची पट्टी, सगळं इथेच राहिलं. जिच्यावर मुलीचा विश्वास आहे अशी मोठी व्यक्ती शेजारी बसेल. आरोपी तिच्या नजरेला पडता कामा नये. रात्री तिला ठाण्यात ठेवायचं नाही, कुठल्याही कारणाने.

मॅडमच्या पिशवीत कोरे कागद आणि रंगीत खडू आहेत. "पहिली दहा-पंधरा मिनिटं मी गुन्ह्याचं विचारतच नाही," त्या सांगतात. "शाळेचं, मैत्रिणींचं, मांजराचं. मग ती स्वतःच सांगायला लागते. तिचा शब्द असेल तोच लिहायचा. आपण मोठ्यांचा शब्द घातला, की तो जबाब तिचा राहत नाही."

घराच्या दाराशी आमचा कॅमेरा बंद. मुलीची ओळख पटेल असं काहीही दाखवायला कायद्याने मनाई आहे, आणि ती योग्यच आहे.

(दृश्य: सरकारी रुग्णालय, जळीत कक्षाबाहेरचा व्हरांडा. नायब तहसीलदार फाईल घेऊन झपाझप येतात.)

मृत्युपूर्व जबाब. आधी डॉक्टर तपासून लिहून देतात की रुग्ण शुद्धीवर आहे, बोलू शकतो. मग नातेवाइकांना बाहेर काढलं जातं, नवऱ्याला, सासूला आणि माहेरच्यांनाही. प्रश्न आणि उत्तर, जसंच्या तसं. हात भाजले असतील, तर पायाच्या अंगठ्याचा ठसा. न्यायालय या कागदावर शिक्षा देऊ शकतं.

(दृश्य: न्यायालयाचा जिना. गठ्ठे बांधलेल्या फायली.)

खटला उभा राहीपर्यंत वर्षं जातात, आणि जबाबात न आलेल्या प्रत्येक गोष्टीवर उलटतपासणीत बोट ठेवलं जातं.

(दृश्य: पुन्हा ठाणे अंमलदाराचं टेबल. प्रिंटरमधून कागद.)

मावशींना फिर्याद वाचून दाखवली जाते. चेपलेली वाटी चौथ्या ओळीत आहे. सही होते. फिर्यादीची प्रत मोफत मिळते, ती मागून घ्या. तपास कुठवर आला, हे 90 दिवसांच्या आत तुम्हाला कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे.