बालेवाडीचा आराता, आता आराता सर

नमस्कार मंडळी. मला वीस मिनिटं दिलीयेत आणि माझ्या तोंडाचा काही भरवसा नाही, म्हणून थेट आपल्या फुटबॉलपटू आराता इझुमीवर येतो. बालेवाडीत त्याला खेळताना कोणी कोणी पाहिलंय? चार हात. चला, चार तर चार.

जन्म जपानमधल्या शिमोनोसेकीचा, १९८२ चा. आई जपानी, वडील मूळचे गुजराती. सिंगापूरला अल्बिरेक्स निइगाता या जपानी क्लबच्या तिथल्या टीमकडून खेळला, मग कोलकात्यात ईस्ट बंगाल, मग मुंबईत महिंद्रा युनायटेड, आणि २००९ ला आपल्या पुणे एफसीत. कोच डेरिक परेरा सरसुद्धा महिंद्राकडूनच पुण्याला आलेले. आपल्याकडे दोन देशांचं नागरिकत्व चालत नाही, म्हणून २०१२ ला भारताचं घेताना त्याने जपानचं सोडलं, कागदोपत्री नीळकंठ खंभोळजा झाला आणि २०१३ ला भारताकडून उतरला तेव्हा तिशी ओलांडली होती. मॅचेस मोजक्याच मिळाल्या. एवढ्यासाठी पासपोर्ट सोडायचा का, असं तेव्हा लोक म्हणायचे. मला तो प्रश्नच पटत नाही, पण असो.

खेळणं थांबल्यावर तो कोचिंगमध्ये आला, तेही नवी मुंबईत, रिलायन्स फाउंडेशन यंग चॅम्प्समध्ये. देशभरातून निवडलेली मुलं तिथेच राहतात, शिकतात, खेळतात. म्हणजे रोज सकाळी समोर पंधरा-सोळा वर्षांची पोरं, आणि आपल्या पायांना जे न सांगता कळायचं ते आता तोंडाने सांगायचं!

हे किती अवघड असतं ते माझ्यावरून सांगतो, त्याच्या डोक्यात मी शिरलेलो नाही. मी ज्यांना शिकवतो त्या अंडर-थर्टीनमधला एक पोरगा बॉल यायच्या आधी मागे बघायचाच नाही, मी ओरडून थकलो, तीनदा स्वतः करून दाखवलं, चौथ्यांदा त्याने अगदी माझ्यासारखी मान वळवली आणि सरळ डिफेंडरच्या अंगावर गेला. मान वळवली होती हो, बघितलं काहीच नव्हतं. मग मी मागे उभा राहून बोटं दाखवायला लागलो, किती ते सांग आणि मगच बॉल घे. आठवडाभरात पोरगं आपोआप बघायला लागलं. मी स्वतः हे कधी शिकलो ते मला आजही आठवत नाही, आणि खेळलेल्या माणसाची खरी पंचाईत तिथेच असते.

आरातावर बोलायचं दुसरं कारण म्हणजे त्याचे क्लब. महिंद्रा २०१० ला बंद. पुणे एफसी २०१२-१३ ला आय-लीगमध्ये, म्हणजे तेव्हाच्या देशातल्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये, गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सच्या मागे दुसरी आली, तीही पुढे गुंडाळली. मग एफसी पुणे सिटी, आराता तिथेही खेळला, २०१९ ला तीही गेली. त्याने घाम गाळलेल्या ड्रेसिंग रूम एकेक करून गेल्या, आणि हा माणूस उद्याच्या टीमसाठी पोरं घडवतोय.

परवा मी जुनी पुणे एफसीची जर्सी घालून ग्राउंडवर गेलो होतो. तोच पोरगा जवळ आला, छातीवरचा लोगो नीट वाचला आणि म्हणाला, सर, ही कुठली अकॅडमी?