हृदय प्रत्यारोपण: खर्चाचा हिशेब कुठे मांडायचा?

श्रोतेहो, नमस्कार.

हृदय प्रत्यारोपण म्हटलं की डोळ्यांसमोर ऑपरेशनचं बिल उभं राहतं. ते मोठं असतंच. पण खरा खर्च रुग्ण घरी गेल्यावर सुरू होतो, आणि रुग्ण किती जगतो हेही त्यावरच ठरतं.

१९६७ च्या डिसेंबरमध्ये केपटाऊनला डॉ. ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी पहिल्यांदा एका माणसाचं हृदय दुसऱ्याला बसवलं. रुग्ण १८ दिवस जगला. हृदय चालत होतं. जीव गेला न्यूमोनियाने, कारण शरीराने परकं हृदय नाकारू नये म्हणून त्याची प्रतिकारशक्ती दाबून ठेवली होती. पुढे १९८० च्या दशकात शरीराने परका अवयव नाकारू नये म्हणून द्यायचं सायक्लोस्पोरिन हे औषध आलं आणि चित्र पालटलं. आज १०० पैकी साधारण ८५ ते ९० रुग्ण पहिलं वर्ष पार करतात, निम्म्याहून अधिक दहा वर्षांपुढे जातात. उलट, प्रत्यारोपण शक्य नसलेल्या अखेरच्या टप्प्यातल्या रुग्णांचा एक अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात नुसत्या औषधांवर ठेवलेल्यांपैकी वर्षभराने चौघांत एकच हयात होता. त्यांच्याही वाट्याला पुन्हा पुन्हा अ‍ॅडमिट होणं येतंच; तो खर्च मात्र कुणी मोजत नाही.

मिळालेली ही वर्षं गोळ्यांवर उभी असतात. हृदय नाकारलं जाऊ नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारं टॅक्रोलिमस बहुधा दर बारा तासांनी, जन्मभर. तपासणीच्या दिवशी सकाळची गोळी रक्त दिल्यानंतरच घ्यायची, नाहीतर औषधाची पातळी चुकीची दिसते. पहिल्या वर्षी अनेकदा मानेच्या शिरेतून बारीक चिमटा हृदयात नेऊन मिलिमीटरभराचे तुकडे काढतात, बायोप्सीसाठी, म्हणजे शरीर हृदय नाकारतंय का हे तपासायला. याच औषधांनी मूत्रपिंडं थकतात, कर्करोगाचा धोका वाढतो.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. प्रत्यारोपणात हृदयाचं दुखणं मेंदूला कळवणारे मज्जातंतू तुटतात. त्यामुळे पुढे रक्तवाहिन्या अरुंद झाल्या तरी अनेकांच्या छातीत दुखतच नाही. 'काही त्रास नाही, मग अँजिओग्राफी कशाला?' म्हणून पैसे वाचवायला जाणं म्हणूनच घातक ठरतं.

माझं स्पष्ट मत आहे: जी योजना किंवा विमा ऑपरेशनचे पैसे देतो आणि औषधांना हात वर करतो, तो रुग्णाला अर्ध्या वाटेवर सोडतो. दात्याच्या कुटुंबाने दुःखाच्या घडीला दिलेलं हृदय गोळ्या परवडल्या नाहीत म्हणून गमावणं मला मान्य नाही.

घरात कुणाचं नाव प्रतीक्षायादीत घालायचं असेल, तर रुग्णालयाला आधीच विचारा: दर महिन्याच्या औषधांचा आणि तपासण्यांचा खर्च किती, आणि पाचव्या वर्षी तो कोण भरणार? उत्तर लेखी घ्या.