उताऱ्यावर नाव, पायरीवर अंथरूण

नमस्कार, श्रोतेहो.

म्हापशाच्या बाजारात रात्री शटरं खाली आली की दुकानांच्या पायऱ्यांवर पुठ्ठे पसरले जातात. त्यावर आडव्या झालेल्या माणसाकडे पाहून आपल्या तोंडी दोनच शब्द येतात : 'बेबदो' नाहीतर 'भायलो'. पिऊन वाया गेला, नाहीतर बाहेरून आला. मग आपण गाडी सुरू करून घरी निघतो.

गेल्या पावसाळ्यात मी तिथल्या एका काकांजवळ बसलो. डिचोलीकडच्या गावचे. वीस वर्षं कळंगुटला हॉटेलात स्वयंपाक केला, राहायला मालकाने दिलेली खोली. एका सीझनच्या शेवटी गुडघा गेला आणि ऑक्टोबरात बोलावणं आलं नाही. नोकरीबरोबर खोलीही गेली. गावच्या घरात भावांचे संसार वाढलेले. काकांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून जमिनीच्या नोंदीचा एक-चौदाचा उतारा काढला, घड्यांवर विरलेला. 'हें पळय, म्हजें नांव.' खरंच, भावांच्या खाली तिसरं नाव त्यांचं होतं.

दारू घेता का, हेही मी विचारलं. घेतात. कधीपासून? 'हांगा आयल्या उपरांत.' इथे आल्यानंतर.

दारू आधी की रस्ता आधी, हे आपण विचारतच नाही. ज्यांची नोकरी आणि छप्पर एकाच मालकाच्या हातात आहे, अशी माणसं आपल्या हॉटेलांत आणि बांधकामांवर किती आहेत, आठवून पाहा. काहींचं मन आजारी असतं. अशा भटकणाऱ्या माणसाला संरक्षण देऊन सरकारी उपचारकेंद्रात पोचवणं हे 2017च्या मानसिक आरोग्य कायद्याने पोलिसांचं कर्तव्य ठरवलं आहे. आपण मात्र 'पिसो', वेडा, म्हणून त्याला हुसकावतो.

आणि घरं कमी आहेत म्हणावं, तर 2011च्या जनगणनेत गोव्यात सव्वा लाखाच्या आसपास घरं रिकामी सापडली. त्याच जनगणनेत देशभरात साडेसतरा लाखांवर माणसं उघड्यावर राहणारी म्हणून नोंदली गेली. कुलूप लावलेले फ्लॅट आपल्या डोळ्यांसमोर आहेत. वरच्या पाटीवर 'भाड्याने' लिहिलेलं असलं, तरी डिपॉझिटचा आकडा ऐकून स्वयंपाकी मागे फिरतो. मला याची चीड येते, श्रोतेहो, आणि मी ती लपवणार नाही.

यंदा पहिला पाऊस लागला त्या संध्याकाळी काकांनी ती पिशवी माझ्या हातात दिली. उतारा भिजेल म्हणाले, तुझ्या घरी ठेव.