पिल्लाचे पाय आणि लष्कराचा भात

सरपंचताई, बचत गटाच्या सगळ्या ताई, आणि मागे दाराशी उभे राहिलेले भाऊ, पुढे खुर्च्या रिकाम्या आहेत, या. पत्रिकेत माझा विषय छापलाय ‘लंगड्या पिल्लांची देखभाल’, पिल्लं म्हणजे कोंबडीची. वेळ अर्धा तास, त्यातला बराचसा सत्कारात गेला. नारळ मिळाला, त्यामुळे तक्रार नाही.

नोकरीत असल्यापासून मी भेटेल त्याला एकच गोष्ट ऐकवत आलोय. पिल्लू उभं राहत नसेल तर पाय नंतर बघा. आधी ते कशावर उभं आहे ते बघा, मग काय खातंय ते बघा. आपल्याकडे पिल्लू बसलं की हळद-तेल चोळतात, आणि गुण आला नाही की कुणाची तरी नजर लागलेली असते. अहो, चाळीस ग्रॅमचा जीव तो, त्याला नजर लावायची कुणी आणि कशासाठी?

एक गोष्ट सांगतो. घरी आता ती कुणी ऐकत नाही, म्हणून तुम्हाला. जावा बेटावर डचांचं राज्य होतं आणि सैन्यात, तुरुंगात बेरीबेरीनं माणसं मरत होती. पाय लुळे पडायचे, मग खेळ आटोपायचा. ख्रिस्तियान आइकमन नावाचा डॉक्टर बटावियात, म्हणजे आजच्या जकार्तात, लष्करी रुग्णालयातल्या प्रयोगशाळेत या रोगाचा जंतू शोधत होता. प्रयोगासाठी कोंबड्या ठेवल्या होत्या. १८८९ च्या सुमारास कोंबड्यांचे पाय गेले. ज्यांना टोचलं त्यांचे गेले, आणि ज्यांना काहीच टोचलं नव्हतं त्यांचेही गेले! डॉक्टर चक्रावला. मग काही महिन्यांनी उरलेल्या कोंबड्या आपोआप चालायला लागल्या. आता आणखी चक्रावला.

चौकशी केली तेव्हा कळलं, की कोंबड्या सांभाळणारा माणूस काटकसरी. रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात उरलेला पॉलिशच्या तांदळाचा पांढराशुभ्र भात तो कोंबड्यांना घालत होता. पुढे आचारी बदलला. नवा आचारी म्हणाला, लष्कराचा भात मुलकी कोंबड्यांना मिळणार नाही. मुलकी कोंबड्या! आपल्याकडच्या कुठल्याही कचेरीत हा माणूस शोभला असता. नाइलाजानं कोंबड्यांना साधा, कोंड्यासकटचा तांदूळ घातला, आणि त्यांचे पाय परत आले. तरी आइकमनला बरीच वर्षं वाटत होतं की भातात विष आहे आणि कोंडा हा त्यावरचा उतारा. विष वगैरे नाही, कोंड्याबरोबर गरजेचंच काहीतरी निघून जातंय, हे त्याच्या मागून आलेल्या ग्राइन्सनं १९०१ मध्ये सांगितलं. तेच आपलं बी-१ जीवनसत्त्व. १९२९ चं नोबेल आइकमनला अर्धं मिळालं. आचाऱ्याचं नाव त्या यादीत नाही.

आता सांगा, आपण पिल्लांना काय घालतो? कण्या. गिरणीतल्या, पॉलिशच्या. कोंडा जातो म्हशीला. कण्या घालू नका असं मी म्हणत नाही, नुसत्या कण्या घालू नका. खुडूक कोंबडीमागे फिरणारं पिल्लू वाळवी उकरतं, किडे खातं, पाला टोचतं, म्हणून ते कण्यांवरही तरतं. पण बल्बखाली वाढणाऱ्या पिल्लाला आपण जे घालू तेच, दुसरं कुठून आणणार ते?

आणि जमीन! माझं जुनं भांडण आहे वर्तमानपत्राशी. पहिले दोन-तीन दिवस पिल्लांनी तूस खाऊ नये म्हणून त्यावर कागद अंथरायला सांगतात. ते ठीक. पण आपण तो तीन आठवडे ठेवतो, त्यातही गुळगुळीत रंगीत पुरवणी असली तर विचारायलाच नको. पिल्लाचे पाय फाकतात, सांधे कोवळे असल्यामुळे तसेच राहतात. राशिभविष्यावर उभं राहून आजवर कुणाचं भलं झालंय? चुरगळलेला कागद घाला, नाहीतर सरळ गोणपाट.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं, विषयावर येतो.

दोन्ही पाय बाजूला फाकलेत आणि पिल्लू दोन-चार दिवसांचंच आहे, तर आशा आहे. जखमेवर लावतो ती चिकटपट्टी उभी कापून अरुंद करा, पायाच्या पंजाच्या वर दोन्ही नळ्यांना गुंडाळा, मध्ये साधारण इंचभर अंतर ठेवा. आवळू नका. तीन-चार दिवस, रोज सोडून बघायचं. पाण्याचं भांडं उथळ, त्यात खडे, नाहीतर पट्टी बांधलेलं पिल्लू बुडतं. वेगळं ठेवा, पण सोबतीला एक शांत पिल्लू द्या. ऊब पहिल्या आठवड्यात पस्तीस अंशांच्या आसपास.

बोटं आत मुडपून पिल्लू गुडघ्यावर चालतंय, तर बी-२ जीवनसत्त्व कमी पडलंय. पिल्लांचा तयार भरडा द्या, बी-कॉम्प्लेक्स डॉक्टरांना विचारून पाण्यातून. ताक, शेवग्याचा बारीक चिरलेला पाला चालतो. लवकर केलंत तर बोटं सुटतात, उशीर झाला की मज्जातंतू गेला. गुडघ्याचा सांधा सुजलाय आणि पाय वाकडा वळलाय, म्हणजे सांध्यावरची शीर, स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी, जागेवरून घसरली. मँगनीज कमी पडल्यावर होतं, नुसत्या मक्यावर वाढवलेल्या पिल्लात जास्त. ते पिल्लू बहुधा सुधारत नाही, पण बाकीच्यांचं खाणं आजच बदला, कोंडा घाला. हाडं मऊ पडत असतील तर ड जीवनसत्त्व आणि चुना कमी आहे. सकाळचं कोवळं ऊन फुकट मिळतं.

महिनाभराच्या पुढच्या पक्ष्याचा एक पाय पुढे आणि एक मागे, असं दिसलं तर तो मरेक, कोंबड्यांचा विषाणूचा रोग. त्यावर औषध नाही. लस पहिल्याच दिवशी टोचतात, म्हणून पिल्लं घेताना विक्रेत्याला विचारा. आणि एकदम बरीच पिल्लं लुळी पडली, माना वाकड्या झाल्या, हिरवी हगवण लागली, तर घरी काही करत बसू नका. मानमोडी, म्हणजे राणीखेत रोग, असेल. डॉक्टरांना बोलवा, आणि तोवर शेजारच्या खुराड्यात जाऊ नका.

संपलं. चिकटपट्टी आणि कात्री टेबलावर आहे. वहिनी, टोपलीतलं तुमचं पिल्लू घेऊन पुढे या, बांधून दाखवतो. ज्यांना जेवायची घाई आहे त्यांनी जावं, पण ताटं बाहेर लागलीत की नाही ते आधी बघा.