यंत्राचा सातबारा

(दृश्य: तेलकट मोटर. एक हात तिच्यावरची पाटी पुसतोय.)

फिटर वेस्टनं, म्हणजे सुती चिंध्यांनी, पाटी पुसतो, बॅटरी तिरकी धरतो. सीरियल नंबरमध्ये हा आकडा आठ आहे की बी? शेवटी फोटो काढून पुरवठादाराला पाठवतो. उत्तर येईपर्यंत लाइन बंद. भोसरीच्या शेडमध्ये हे घडतं, तसंच जर्मनीतल्या कारखान्यातही.

माहिती नसते असं नाही. मोटर बनवणाऱ्याकडे ती सगळी असते. पण एक जण लिहितो 'वेग', दुसरा 'फेरे', तिसऱ्यानं ती पीडीएफमध्ये कुठंतरी खोल ठेवलेली. माणूस समजून घेतो, संगणक अडतो.

सातबारा आठवा. गाव कुठलंही असो, कुठल्या रकान्यात काय, हे ठरलेलं. म्हणून तो बँकेतल्या माणसालाही वाचता येतो आणि वकिलालाही. यंत्रांना असाच उतारा हवा होता.

(दृश्य: फ्रँकफर्ट.)

२०२० साली यंत्रनिर्मात्यांची संघटना व्हीडीएमए, विद्युत उद्योगाची झेडव्हीईआय, डिजिटल उद्योगाची बिटकॉम आणि काही कंपन्या एकत्र आल्या. संस्था उभी राहिली: इंडस्ट्रियल डिजिटल ट्विन असोसिएशन. डिजिटल ट्विन म्हणजे यंत्राचा संगणकातला जुळा. तिच्या उताऱ्याचं नाव 'अ‍ॅसेट अ‍ॅडमिनिस्ट्रेशन शेल'. विद्युत क्षेत्राची मानकं ठरवणाऱ्या आयईसी या संस्थेचं ६३२७८ हे त्याचं आंतरराष्ट्रीय मानक. नामपट्टी, तांत्रिक तपशील, कागदपत्रं अशी त्याची ठरीव पानं. रकान्याला नुसतं नाव नाही, संकेतांकही असतो. जर्मन माणूस 'हेर्स्टेलर' म्हणो, आपण 'उत्पादक' म्हणू, संकेतांक एकच.

सगळ्यात अवघड काम हेच होतं, असं मला वाटतं. बाजारात एकमेकांची ऑर्डर ओढणाऱ्यांनी एका टेबलावर बसून रकान्यांची नावं ठरवायची!

चालू यंत्रांच्या बोलण्याचंही तसंच. २०१९ मध्ये हॅनोव्हरच्या ईएमओ प्रदर्शनात ७० कंपन्यांची ११० यंत्रं 'उमाटी' या जोडणीनं एकाच पडद्यावर आली. कुठलं चालू, कुठलं थांबलेलं, सगळं एका नजरेत. खाली भाषा एकच, ओपीसी यूए.

पण छोट्या कारखानदाराच्या पोटात गोळा येतो. माझं यंत्र इतकं बोलायला लागलं, तर माझी कसबं कुणाच्या हाती जातील? ही भीती खरी आहे, तिला हसू नये. २०२४ मध्ये सुरू झालेल्या 'फॅक्टरी-एक्स' या जर्मन प्रकल्पाची मांडणी तिची दखल घेते: सगळ्यांची माहिती एका कोठारात ओतायची नाही. ती ज्याची त्याच्याकडे राहील, आणि कुणाला काय दाखवायचं ते तोच ठरवेल. दुसरीकडे, युरोपचा डेटा कायदा १२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालाय. जोडलेलं यंत्र वापरताना तयार होणाऱ्या माहितीवर वापरणाऱ्याचाही हक्क आहे, असं तो सांगतो. या दोन्हींची सांगड घालताना करारातलं एकेक कलम तपासावं लागणार आहे.

(दृश्य: पुन्हा पाटी. क्यूआर कोडभोवती चौकट, कोपऱ्यात त्रिकोण.)

ही खूण आयईसी ६१४०६ ची. यंत्र जगात कुठंही जावो, त्याची ओळख या कोडमध्ये आहे. स्टिकर कूलंटनं, म्हणजे यंत्र थंड ठेवणाऱ्या द्रवानं, निघून येतो, म्हणून इथं कोड लेझरनं कोरलाय. फिटर मोबाइल धरतो. नामपट्टी उघडते, खाली मॅन्युअल, त्याखाली बेअरिंगचा नंबर. तो नंबर स्टोअरला पाठवतो आणि पाना उचलतो.