दलदलीतले अथेन्स

प्रशांत महासागरातील टोंगा या बेटांच्या देशाची राजधानी नुकुअलोफा. शहराच्या पश्चिमेची ही जमीन सखल आणि दलदलीची आहे. मोठा पाऊस झाला की पटांगणात असे पाणी साचते. फुता हेलू या शिक्षकाने आपली संस्था याच जमिनीवर उभी केली आणि तिला 'आतेनिसी' हे नाव दिले. टोंगन भाषेत आतेनिसी म्हणजे अथेन्स.

हेलू यांचा जन्म १९३४ मध्ये हाआपाई द्वीपसमूहातील फोआ बेटावर झाला. सिडनी विद्यापीठात ते जॉन अँडरसन या तत्त्वज्ञांकडे शिकले. एखादे मत कोणाचे आहे हे न पाहता ते तपासून घ्यायचे, ही अँडरसन यांची शिस्त घेऊन ते मायदेशी परतले आणि १९६३ मध्ये त्यांनी सरकारी नोकरांसाठी वर्ग सुरू केले. पुढे त्यातूनच तरुण मुलामुलींसाठी हायस्कूल निघाले आणि १९७५ मध्ये विद्यापीठाचे शिक्षणही सुरू झाले. टोंगातील बहुतेक माध्यमिक शाळा चर्च चालवतात. आतेनिसी मात्र चर्चची नव्हती आणि सरकारचीही नव्हती. या साध्या, जुन्या इमारती त्या स्वातंत्र्याची किंमत सांगतात.

टोंगन भाषेत राजासाठी निराळे शब्द, सरदारांसाठी निराळे आणि सामान्य माणसांसाठी निराळे. अशा समाजात वाढलेल्या मुलांना हेलू यांनी वडीलधाऱ्यांपुढे, खुद्द शिक्षकांपुढेही, शंका मांडायला शिकवले. हे काम किती अवघड होते, ते तिथल्या माणसालाच कळेल. कावा नावाच्या झुडपाच्या मुळ्यांचे पेय भरलेल्या लाकडी पात्राभोवती रात्री माणसे गोल करून बसतात. त्या बैठकीतही हेलू हेराक्लिटस या प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञाविषयी बोलत. ग्रीक तत्त्वज्ञानापायी त्यांनी टोंगाची कविता आणि नृत्य दूर लोटले नाही. या दोन्हींचे ते गाढे अभ्यासक होते.

आता पाहा, रांगांमध्ये उभे राहून, गाता गाता हातांच्या हालचालींनी अर्थ सांगणारे हे लकालका नृत्य. आतेनिसीच्या पदवीदान समारंभात टोंगन नृत्याबरोबर इटालियन ऑपेराही गायला जाई, आणि दोन्हींची तालीम सारख्याच कसोशीने होई.

येथील अनेक विद्यार्थी न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियात उच्च शिक्षणासाठी गेले. हेलू स्वतः लोकशाहीच्या चळवळीत उतरले. फेब्रुवारी २०१० मध्ये त्यांचे निधन झाले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये टोंगाच्या जनतेने संसदेतील बहुसंख्य प्रतिनिधी, २६ पैकी १७, प्रथमच स्वतः निवडले.

पटांगणातले पाणी ओसरले आहे. मुली चपला हातात घेऊन वर्गाकडे निघाल्या आहेत.