टोकणारं माणूस

(इंदूरला लोकमान्य नगरातल्या गणेशोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

मंडळी, माझ्या लहानपणी आम्ही मल्हारगंजात राहायचो. कोपऱ्यावर किराण्याचं दुकान होतं. महिनाभर सामान यायचं, ते लाल कापडाच्या वहीत मांडलं जायचं आणि बाबांचा पगार झाला की आई जाऊन हिशेब चुकता करायची. एखाद्या महिन्यात पाहुणेरावळे जास्त झाले, कुणाचं आजारपण निघालं, की थोडी बाकी राहायची. मग पुढच्या खेपेला आईने साखर मागितली की दुकानदार ती तोलता तोलता, आवाज न चढवता म्हणायचा, "भाभीजी, पिछला बारह रुपया बाकी है।" एवढंच. पण घरी आल्यावर त्या महिन्याच्या यादीतून काहीतरी कमी व्हायचं. मला तेव्हा त्या माणसाचा राग यायचा, चारचौघांत आईला बोलतो म्हणून. आज वाटतं, आमचं घर कर्जात बुडलं नाही त्यात त्या बारा रुपयांच्या टोकण्याचा मोठा वाटा होता.

क्रेडिट कार्ड कधी टोकत नाही. मागची बाकी चाळीस हजार असली तरी यंत्र तसंच टिंग वाजतं आणि पावती बाहेर येते. दुकानदाराला बाकी कळत नाही, शेजारी उभ्या असलेल्या बायकोला कळत नाही, आणि खरं सांगायचं तर कार्डवाल्यालाही त्या क्षणी ती नीट आठवत नसते. पूर्वी निदान पोस्टमन बिलाचं पाकीट आणायचा, घरातलं कुणीतरी ते फोडायचं. आता बिल ई-मेलवर येतं, त्याला पासवर्ड असतो. या कर्जाला साक्षीदारच उरलेला नाही. ते वाढतं ते या एकांतात, असं माझं ठाम मत आहे, आणि ते मी माझ्या घरात पाहिलंय.

मी एकतीस वर्षं बँकेत काढली. कर्जाचे कागद किती पाहिले याची मोजदाद नाही. आणि माझ्याच मुलाच्या डोक्यावर तीन कार्डांचे मिळून २,८६,००० रुपये चढले होते, हे मला एका दुपारी आलेल्या वसुलीच्या फोनवरून कळलं. एका कार्डाचा एक हप्ता त्या महिन्यात पहिल्यांदाच राहिला होता. त्याआधीचे एकोणीस महिने त्याने तिन्ही कार्डांची 'मिनिमम ड्यू', म्हणजे किमान भरायची रक्कम, वेळेवर भरली होती. रात्री तो माझ्यासमोर बसला आणि पहिलं वाक्य बोलला, "आई, मी आजवर एकही हप्ता चुकवला नव्हता गं." त्याला खरंच वाटत होतं की आपण कर्ज फेडतोय.

इथे जरा थांबून आपण एक बिल वाचू. आकडे कंटाळवाणे वाटतील, पण सगळी गोम त्यांतच आहे.

समजा, ५ जूनला ४०,००० रुपयांचा फ्रीज कार्डावर घेतला. २० जूनला बिल निघालं, ८ जुलै ही भरायची शेवटची तारीख. पूर्ण ४०,००० भरले तर एक पैसा व्याज नाही, तेवढ्यापुरतं कार्ड ही फार चांगली सोय आहे. पण बिलावर ४०,००० च्या शेजारी अजून एक आकडा असतो, बहुधा पाच टक्के, म्हणजे २,०००. तो भरला की दंड लागत नाही, नाव खराब होत नाही. आपण २,००० भरतो आणि सुटल्यासारखं वाटतं.

आता बिनव्याजी मुदत गेली. व्याजाचा दर महिना साडेतीन टक्के धरा, म्हणजे वर्षाला ४२. बऱ्याच बँकांच्या अटींच्या पत्रकात उदाहरण देऊन लिहिलेलं असतं की व्याज खरेदीच्या दिवसापासून धरलं जाईल. म्हणजे ५ जूनपासून ८ जुलैपर्यंत पूर्ण ४०,००० वर, आणि त्यानंतर २० जुलैच्या बिलापर्यंत ३८,००० वर. दोन्ही मिळून होतात सुमारे २,०४४. त्यावर १८ टक्के जीएसटी, सुमारे ३६८. आता बेरीज करा: ३८,००० अधिक २,४१२. नवं बिल ४०,४१२ रुपयांचं. दोन हजार भरून झाल्यावर कर्ज चारशे रुपयांनी वाढलं! पुढच्या महिन्यांत थोडं खाली सरकतं, पण भरलेल्या दोन हजारांतले साधारण दीड हजार व्याज आणि करात जातात, मुद्दलातून चार-पाचशे कमी होतात. 'उधारीचं पोतं सव्वा हात रितं' असं आपली जुनी माणसं म्हणायची, ते हेच.

आणि सगळ्यात वाईट गोष्ट पुढे आहे. मागची बाकी शिल्लक असताना त्या कार्डावर जे काही नवं घ्याल, दूध असो की औषध, त्याला बिनव्याजी मुदत मिळत नाही. पहिल्या दिवसापासून व्याज. माझ्या मुलाला हे माहीत नव्हतं. तुमच्यातल्या किती जणांना माहीत होतं, हात वर करा... बघा, पाच-सहाच हात आहेत.

कुणी म्हणेल, कायदा काही करत नाही का? आपल्याकडे दामदुपटीचा नियम होता. हिंदू धर्मशास्त्रातला नियम, जुन्या मुंबई इलाख्यातल्या न्यायालयांनीही तो मानला: एका वेळी मागायची व्याजाची थकबाकी मुद्दलापेक्षा जास्त असता कामा नये. कार्डाच्या व्याजाला तशी मर्यादा नाही. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली म्हटलं होतं की कार्डावर वर्षाला ३० टक्क्यांहून जास्त व्याज घेणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. २० डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. रिझर्व्ह बँकेने २०२२ च्या निर्देशांत ग्राहकाच्या बाजूच्या बऱ्याच गोष्टी घातल्या आहेत. मागितल्याशिवाय कार्ड द्यायचं नाही, विचारल्याशिवाय मर्यादा वाढवायची नाही, किमान रक्कमच भरत राहिलात तर फेड वर्षानुवर्षं लांबेल हे बिलावर छापायचं. छापलेलंही असतं. वाचणारं माणूस घरात हवं.

आता खर्चाकडे येते. अनाठायी खरेदी करणाऱ्याला आपण 'उधळ्या' म्हणून मोकळे होतो. माझा मुलगा उधळ्या नाही. नोट हातातून सुटताना मनाला जे टोचतं, ते कार्डाने टोचत नाही, आणि हे सगळ्यांचंच होतं. अमेरिकेतल्या प्रेलेक आणि सिमेस्टर या दोन संशोधकांनी २००१ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. बास्केटबॉलच्या सामन्याच्या तिकिटांवर विद्यार्थ्यांकडून बोली मागवली. काहींना सांगितलं, रोख द्यावे लागतील, काहींना सांगितलं, कार्ड चालेल. कार्डवाल्यांची सरासरी बोली रोखवाल्यांच्या दुपटीहून जास्त निघाली. तिकीट तेच, शहर तेच!

आणि आपल्याकडे तर २०२२ पासून रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येतं. छप्पन दुकानवर पोहे-जलेबी खाल्ली, रात्री सराफ्यात भुट्ट्याचा किस खाल्ला, फोन पुढे केला. पैसे खात्यातून गेले की उधारीत चढले, हे त्या घटकेला कोण बघतं?

आमच्याकडे त्या फोननंतरच्या रविवारी मी एकोणीस महिन्यांची बिलं छापून आणली. जेवणाच्या टेबलावर जुनं वर्तमानपत्र अंथरलं, आम्ही दोघं बसलो आणि त्याच्या हातात शिसपेन्सिल दिली. प्रत्येक ओळीपुढे तीनपैकी एक खूण करायची: हवं होतं, नसतं घेतलं तरी चाललं असतं, आणि आठवत नाही. मी एकही प्रश्न विचारायचा नाही, असं ठरलं होतं. आणि मी तो शब्द पाळला, जीभ चावत का होईना. सुरुवातीला त्याचा हात भरभर चालला. मग हळू झाला. संध्याकाळी दिवेलागणीपर्यंत आम्ही बसलो होतो. शेवटी मोजलं तर 'आठवत नाही'च्या खुणा सगळ्यात जास्त होत्या. सातशे, अकराशे, चारशे नव्वद. ज्या वस्तू आठवतही नाहीत त्यांचं व्याज तो दीड वर्ष भरत होता. तो रडला. मीही रडले. पण त्या दिवसापासून त्या कर्जाला साक्षीदार मिळाला.

मग आम्ही काय केलं, ते सांगते. तिन्ही कार्डं कपाटात ठेवली. नवी खरेदी बंद, कारण बाकी असलेल्या कार्डावर घेणं म्हणजे पहिल्या दिवसापासून व्याज. मी माझी एक एफडी मोडली, दीड लाखाची. पुष्कळ जणांना एफडी मोडणं म्हणजे अपशकुन वाटतो. सात टक्के मिळवायला पैसा ठेवायचा आणि दुसरीकडे ४२ टक्के अधिक जीएसटी, म्हणजे जवळजवळ पन्नास टक्के द्यायचे, यात कसलं शहाणपण? ती रक्कम मी त्याला दिली नाही, उसनी दिली. वहीत लिहिलं, सही घेतली, महिना ८,००० परत. उरलेल्या १,३६,००० साठी त्याने १४ टक्क्यांनी दोन वर्षांचं वैयक्तिक कर्ज काढलं, हप्ता साधारण साडेसहा हजार. म्हणजे महिन्याला साडेचौदा हजार. आणि तो आधी तिन्ही कार्डांची किमान रक्कम किती भरत होता? चौदा हजारांच्या वरच! तेवढ्याच पैशांत आता दोन वर्षांत सगळं संपणार होतं.

एक धोका मात्र सांगायलाच हवा. कर्ज काढून कार्ड रिकामं केलं आणि रिकामं दिसतंय म्हणून पुन्हा वापरलं, तर दोन कर्जं होतात. म्हणून त्याने दोन कार्डं बंदच केली. बंद करायला सांगितल्यापासून, बाकी नसेल तर, सात कामाच्या दिवसांत बँकेने ते बंद करायचं असतं, नाहीतर दिवसाला ५०० रुपये तुम्हाला द्यायचे असतात. तिसरं कार्ड ठेवलं, पण त्याची ऑनलाइन खरेदीची सोय बँकेच्या अॅपमधून बंद केली. ही चालू-बंद करायची सोय २०२० पासून प्रत्येक कार्डाला आहे. काही घ्यायचं तर आधी ती चालू करावी लागते. त्या दोन मिनिटांत निम्म्या वेळा हौस विरते, असं तो सांगतो.

'सेटलमेंट'च्या जाहिरातींना भुलू नका. अर्ध्यात मिटवून देतो म्हणतात, पण सिबिलच्या, म्हणजे कुणी कर्ज कसं फेडलं याची नोंद ठेवणाऱ्या संस्थेच्या, नोंदीत 'सेटल्ड' असा शेरा राहतो आणि उद्या घराचं कर्ज मागायला गेलात की तो समोर येतो. अगदीच गळ्याशी आलं असेल तर वेगळं, पण आधी स्वतः बँकेत जाऊन हप्ते बांधून मागा.

वसुलीच्या फोनची भीती फार असते. एजंटाने सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही, धमकवायचं नाही, नातेवाइकांत बदनामी करायची नाही, हे रिझर्व्ह बँकेने लिहून ठेवलंय. बँकेकडे लेखी तक्रार करा. तीस दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. १४४४८ हा त्यांचा माहितीचा नंबर आहे. ज्याचं देणं आहे त्याचीही अब्रू असते.

मुलांना मी 'खर्चच करू नका' असं सांगत नाही. आपण होळकरांच्या गावात राहतो. १७३४ मध्ये मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाईंना खासगीची जहागीर मिळाली, तिचा हिशेब दौलतीच्या तिजोरीहून वेगळा. त्यांच्या सूनबाई अहिल्याबाईंनी देशभर देवळं आणि घाट बांधले ते या खासगीतून. मनाजोगतं द्यायला, करायला त्यांच्याकडे पैसा होता, कारण तो वेगळा काढलेला होता. आपल्या घरात प्रत्येकाची अशी छोटी खासगी असावी. आमच्याकडे मुलाची महिना दोन हजार आहे, वेगळ्या खात्यात, कार्ड साधं डेबिटचं. त्यात त्याने काय घेतलं हे मी विचारत नाही. ते संपलं की पुढच्या महिन्याच्या एक तारखेपर्यंत थांबायचं.

आणि इथे बसलेल्या आईवडिलांना एक विनंती. मुलाने आकडा सांगितला तर पहिली दहा मिनिटं काही बोलू नका. 'आम्ही तुझ्या वयात' हे तर अजिबात नको. किराणावाला आईला बारा रुपये बाकी आहेत म्हणायचा आणि साखरही तोलून द्यायचा. तसं टोका.

माझ्या मुलाचा शेवटचा हप्ता गेल्या मार्चमध्ये गेला. ती वही माझ्या पिशवीत आहे. आरती झाल्यावर मंडपाच्या मागच्या खोलीत मी साडेनऊपर्यंत बसणार आहे. ज्याला बिल दाखवायचं असेल त्याने फोनवरच घेऊन यावं, नाव सांगायची गरज नाही. दार लोटलेलं असेल, एका वेळी एकजण. शिसपेन्सिली मी आणल्या आहेत.